दहा बाय बाराच्या खोलीला किती वॅट

मंगळवार, ३ डिसेंबर. सकाळी ६ वाजून १० मिनिटे

खोली मोजत होतो. टेपचे एक टोक डाव्या पायाच्या अंगठ्याखाली, दुसरे हातात, पेन्सिल कानावर. दहा फूट दोन इंच बाय बारा. उंची नऊ. दोनदा मोजली. दुसऱ्या वेळी बारा फूट अर्धा इंच आली. तिसऱ्यांदा मोजायला वेळ नव्हता, कामावर जायचे होते — दिवसभर तो अर्धा इंच डोक्यात!

अण्णा रविवारी येणार. आई गेल्यावर वाटणी झाली: थंडीचे महिने अण्णा माझ्याकडे, बाकीचे दादाकडे. दादाकडे तीन खोल्या, लिफ्ट, गॅलरीत ऊन. माझ्याकडे एक खोली, तिसरा मजला, डोक्यावर उघडी गच्ची. थंडीच माझ्या वाट्याला कशी आली ते आठवत नाही. ठरले तेव्हा मी आत सगळ्यांसाठी चहा करत होतो.

गेल्या हिवाळ्यात अण्णा इथे सोळा दिवस टिकले. मग खोकला, मग ताप, मग डॉक्टर — "छाती भरलीय. या खोलीत ठेवू नका." दादा गाडी घेऊन आला आणि जिन्यात सगळ्या बिऱ्हाडांना ऐकू जाईल असे म्हणाला, "तुला एक माणूस सांभाळता येत नाही!"

काल त्याचा फोन. "महिनाभर ठेवून बघ. पाच जानेवारीला आम्ही येतो. मग काय ते कायमचं ठरवून टाकू."

कायमचे म्हणजे काय ते कळले. पुन्हा खोकला झाला तर अण्णा परत इकडे यायचे नाहीत. आणि मला अण्णा हवेत. का, ते नीट लिहिता येत नाही. मी आठवीत शाळा सोडली तेव्हा दादा आठ दिवस माझ्याशी बोलला नाही. अण्णा एवढेच म्हणाले, "अक्षर चांगलं आहे. उपाशी मरणार नाही." त्या एका वाक्यावर मी आजवर पाट्या रंगवतो आहे.

तेव्हा — हीटर. योग्य हीटर.

बुधवार, ४ डिसेंबर

विजेच्या सामानाच्या दुकानात गेलो. दुकानदार म्हणाला, "बोला भाऊ, कितीपर्यंतचा?"

मी म्हणालो, "एकशे बावीस चौरस फूट."

"नाही, पैसे कितीपर्यंत?"

"दोन भिंती बाहेरच्या, वर गच्ची, खिडकी एक, दाराखाली पाऊण इंच फट."

त्याने माझ्याकडे जरा वेळ पाहिले. मग पोऱ्याला हाक मारण्याऐवजी स्वतःच स्टुलावर चढला. त्याचे म्हणणे, लोक येतात आणि दिसायला छान हीटर नेतात. खोलीचे माप घेऊन आलेला मी पहिलाच. हे कौतुक की काय, कळले नाही.

त्याने दिलेल्या कागदावर लिहिले आहे: चौरस फुटाला दहा वॅट. म्हणजे बाराशे वीस. बाहेरच्या भिंती आणि गच्ची यांच्यासाठी पाव भाग वाढवला — पंधराशे पंचवीस. मी म्हणालो, पंधराशे पंचवीसचा द्या.

"पंचवीस वॅट मी तुम्हाला वरून टाकून देतो," तो म्हणाला.

काही घेतले नाही. घरी येऊन पुन्हा गुणाकार केला. बरोबर होता.

गुरुवार, ५ डिसेंबर

आधी पाहिले हे बरे झाले! पंधराशे वॅटला मोठा प्लग लागतो. मोठ्या प्लगचा पॉइंट माझ्याकडे एकच, तो न्हाणीघरात, गिझरचा. खोलीत सगळे छोटे. वायर लांबवून न्हाणीतून खोलीत आणायची म्हणजे दार बंद होणार नाही, वर ओल्या फरशीवरून वायर. नको रे बाबा.

घरमालकीणबाईंना विचारले, खोलीत मोठा पॉइंट काढू का? त्या म्हणाल्या, "काढा की. भिंत फोडा, रंग लावून द्या, आणि जाताना पॉइंट इथेच ठेवून जा." म्हणजे भिंत माझी फुटणार आणि पॉइंट त्यांचा होणार.

हजार वॅट. छोट्या प्लगला तेवढेच सोसते. उरलेले पाचशे पंचवीस वॅट कुठून आणायचे? दाराच्या फटीला आणि खिडकीला लावायची फोमची पट्टी आणली, एकशे वीसची. कागदावर हे कुठेच लिहिलेले नाही — पण माझी खात्री आहे, त्यातले निम्मे वॅट दाराखालून जात होते.

शनिवार, ७ डिसेंबर

ब्लोअर आणला. सोळाशे रुपये. दोन बटणे: हजार आणि दोन हजार. दोन हजारच्या बटणावर कागद चिकटवला. त्यावर लिहिले: 'वापरू नये'. हात शिवशिवत होते म्हणून जरा वळणदार लिहिले.

अडीचशेचा थर्मामीटरही आणला, भिंतीवर टांगायचा. ब्लोअर लावण्यापूर्वी चौदा अंश. पंचवीस मिनिटांत वीस! बंद केला. वीस मिनिटांत पुन्हा पंधरा. गरम हवा आली तशी गेली — पाहुण्यासारखी, चपलाही न काढता.

आणि आवाज! मिक्सरमध्ये सुकी मिरची घातल्यासारखा.

रविवार, ८ डिसेंबर

अण्णा आले. एकच पिशवी. दादा खालूनच गेला. गाडी लावायला जागा नव्हती.

अण्णांनी चपला काढल्या, खोलीभर पाहिले, आणि पहिला प्रश्न — मी कसा आहे हा नव्हे — "किती वॅटचा?"

अण्णा बत्तीस वर्षे वीज कंपनीत मीटर रीडर होते. रोज सव्वाशे घरांचे मीटर. ते लोकांना नावाने ओळखत नाहीत, युनिटने ओळखतात. "ती दोनशे दहावाली बाई वारली म्हणे."

"हजार," मी म्हणालो.

"हं," अण्णा म्हणाले. आणि स्वेटर घालून बसले.

मंगळवार, १० डिसेंबर

ब्लोअर परत गेला. अण्णांचा घसा कोरडा पडला, ओठ फुटले. रेडिओवरच्या बातम्या ऐकू येत नाहीत म्हणून त्यांनी रेडिओ मोठा केला, खालून घरमालकीणबाईंनी काठी वाजवली. मी थर्मामीटरकडे बोट दाखवून म्हणालो, "अण्णा, वीस अंश आहे!"

"काय?"

"वीस!"

"काय म्हणतोस?"

दुकानदार म्हणाला, ब्लोअर पाच-दहा मिनिटांचा सोबती. आंघोळीआधी खोली चटकन तापवायला उत्तम. दिवसभर त्याच्याबरोबर राहायचे नसते. मग आधी का नाही सांगितले? "तुम्ही चौरस फूट सांगितलेत, माणूस कुठे सांगितलात?"

हे मात्र खरे. मी खोलीची लांबी, रुंदी, उंची, फट सगळे नेले होते. वय बहात्तर, छाती नाजूक, बातम्यांचे वेड — हे कागदावर नव्हतेच.

रॉडचा हीटर दिला, अकराशे रुपयांचा. उरलेले पाचशे माझ्या नावावर जमा.

गुरुवार, १२ डिसेंबर

रॉडचा हीटर हवा तापवत नाही, समोर असेल त्याला तापवतो. आवाज नाही, घसा कोरडा नाही, बटण दाबले की लाल. एका जागी बसणाऱ्या माणसाला चांगला. मी अण्णांना खुर्चीत बसवून साडेतीन फुटांवर खडूने रेघ मारली आणि हीटर तिथे ठेवला.

थर्मामीटर पंधरावरून हलेना. अण्णा म्हणाले, "पुढून मे महिना, पाठीमागून जानेवारी." मग त्यांनी खुर्ची फिरवली आणि पाठ शेकली. दर दहा मिनिटांनी फिरवतात. आज संध्याकाळी सात वेळा फिरले. पापड भाजल्यासारखे.

वर्कशॉपमध्ये मालकांना सांगत होतो, तर ते म्हणाले, "अरे वा, शास्त्रज्ञ! मग आपल्याकडेही एक लाव, रंग सुकत नाहीत." मी म्हणालो, इथे लाल होणारा हीटर मुळीच नको, थिनरचे डबे उघडे असतात. शटर उघडे, छत पंधरा फूट. हवा तापवणे म्हणजे रस्ता तापवणे. रबरी शिक्क्यांच्या टेबलाशी, रंगापासून लांब, एक छोटा चालेल, बस्स. मालक म्हणाले, "बरं बरं." हा त्यांचा नेहमीचा नकार.

शुक्रवार, १३ डिसेंबर

शालीचे टोक तांबूस झाले! अण्णा वाकून रॉडमधल्या धूळ जळाल्याच्या वासाचा शोध घेत होते, आणि शाल अण्णांच्या आधी तिथे पोचली. काही झाले नाही. पण मी हीटर बंद केला आणि वायर गुंडाळून ठेवली. अण्णा म्हणाले, "शाल जुनी आहे." जणू नवी असती तर प्रश्न होता.

रॉड परत. दुकानदाराने वास घेतला आणि दोनशे कापले.

शनिवार, १४ डिसेंबर

शेवटी तेलाचा, हजार वॅटचा. सात हजार रुपये! आधीचे चौदाशे वळते केले, मालकांकडून चार हजार उचल घेतली ते दिले, सोळाशे बाकी. नऊ पात्यांचा, चाकांवरचा, वजन असे की तिसऱ्या मजल्यापर्यंत मी तीन वेळा टेकलो.

एकदम तापत नाही. अर्धा तास नुसता उभा असतो, तोंड फुगवून. मग हळूहळू. पण बंद केला तरी तासभर ऊब सोडत राहतो. आवाज नाही. लाल काही नाही. शाल टेकली तरी चालते — म्हणजे टेकवू नये असे पुस्तकात लिहिले आहे, म्हणून मी टेकवू देत नाही. हवे तेवढे तापले की आपोआप बंद, थंड झाले की आपोआप चालू.

न्हाणीत कुठलाच हीटर नेणार नाही, पाणी आणि वीज एकत्र नको. आंघोळीच्या आधी अर्धा तास न्हाणीचे दार उघडे ठेवायचे. खोलीची ऊब आत जाते. आज केले. अण्णा न्हाणीतून गुणगुणत बाहेर आले! पाच वर्षांत ऐकले नव्हते.

रात्रीचे वीस अंश. लिहून ठेवले.

रविवार, १५ डिसेंबर

दादाने तीन हजार पाठवले. सोबत निरोप: "चांगला हीटर घे. चिक्कूपणा नको." म्हणजे याचे मत असे की मी अण्णांना स्वस्तात गोठवणार! पैसे पाकिटात घालून, तारीख घालून, बाजूला ठेवले. पाच तारखेला तोंडावर परत.

वहिनीचाही फोन. "भाऊजी, खोली गरम राहते ना आता?"

"वीस अंश."

"मग झालं तर! आणि कपाट आहे का हो तुमच्याकडे रिकामं?"

माझ्याकडे एकच कपाट आहे हे तिला माहीत आहे. टोमणा मारायला लोकांना काहीही पुरते.

बुधवार, १८ डिसेंबर

तक्ता आखला. सकाळी सात, संध्याकाळी साडेसात. १९.५, २०, २०, २०, १९.५, २०. इतकी सरळ रेघ मी बँकेच्या पाटीवरही ओढली नव्हती. दादा आला की हा तक्ता पुढे ठेवायचा. आकड्यांपुढे तो काय बोलणार?

शनिवार, २१ डिसेंबर

अण्णा खोकले.

दोनदा. मी विचारले तर म्हणाले, "पाणी अडकलं." पाणी प्याले नव्हते.

रविवार, २२ डिसेंबर

पाच वेळा. मोजले. खोली वीस अंश आहे! थर्मामीटर बिघडला असेल म्हणून काखेत धरला. ठीक आहे. खिडकीची पट्टी तपासली, दाराची तपासली, मेणबत्ती घेऊन फटीपाशी हिंडलो — ज्योत हलली नाही. मग थंडी येते कुठून?

चौदा दिवस उरले.

सोमवार, २३ डिसेंबर

आज सगळे लिहून काढतो, नाहीतर विसरल्यासारखे करीन.

मालकांनी 'बरं बरं' म्हणून दुसऱ्या बाजूने रॉडचा हीटर आणलाच होता. कोणाच्या तरी भंगारातला. सुकायला ठेवलेल्या पाट्यांसमोर लावला. थिनरने पेट घेतला नाही ही आमची पुण्याई. पण 'प्रवेश बंद' या पाटीला फोड आले आणि फ्यूज उडाला. मालक माझ्याकडे न बघता म्हणाले, "आज लवकर जा घरी." दुपारी अडीचला निघालो.

जिना चढून वर आलो तर आमच्या मजल्यावर, मीटरच्या फळीसमोर, अण्णा उभे. स्वेटर, मफलर, हातात घड्याळ. ओठ हलत होते. मी बोलणार, तर त्यांनी हात वर केला — थांब. मिनिट संपू दिले.

"त्रेपन्न," म्हणाले.

"अण्णा, इथे काय करताय?"

"हा दिवा बघ. बत्तीसशे वेळा लुकलुकला की एक युनिट. मिनिटाला त्रेपन्न म्हणजे हजार वॅट. दुकानदाराने फसवलं नाही तुला."

"किती वेळ उभे आहात?"

"आत्ताच आलो."

समोरच्या बिऱ्हाडातली बाई दारातून म्हणाली, "आत्ता कसले! रोज तू गेलास की येतात. जेवायला आत, मग परत. मी स्टूल देत होते, घेतलं नाही."

खोलीत गेलो. वीस अंश. हीटर मजेत, खुर्ची रिकामी. नऊ दिवस मी एका खुर्चीला ऊब दिली, आणि तिचा तक्ता आखला! अण्णा सकाळ-संध्याकाळ माझ्यासमोर आत, आणि बाकीचा दिवस जिन्यातल्या अकरा अंशात — आतल्या हीटरचा खर्च बघत.

मी ओरडलो. लिहायला लाज वाटते, पण ओरडलो. "मग बंद करून तरी आत बसायचं!"

अण्णा शांतपणे म्हणाले, "बंद केला तर तू आल्यावर थर्मामीटर बघतोस."

मंगळवार, २४ डिसेंबर

रजा घेतली. दोघे आत बसलो. अण्णा दर पाच मिनिटांनी दाराकडे बघतात. सिगारेट सोडलेला माणूस पानपट्टीकडे बघतो तसे.

मी विचारले, कशाला मोजता?  दाढीवरून हात फिरवत, गंमत सांगावी तसे म्हणाले: "तिकडे सूनबाई बिल आलं की पेन्सिलीने खूण करायची. गिझर — अण्णा. टीव्ही — अण्णा. शेवटी शेवटी पोरं पण सांगायला लागली, अण्णा, दिवा. अरे, मी बत्तीस वर्षं लोकांना बिलं दिली. एकदाही कोणाला नावाने आकारणी केली नाही."

आणि हसले. मी हसलो नाही. म्हणालो, "इथे कोणी खूण करणार नाही."

"म्हणून तर मी बघतो. तू बघणार नाहीस."

आठ वेळा खोकले.

गुरुवार, २६ डिसेंबर

दुपारी एक मूर्ख हिशेब केला: अण्णा जिन्यातच उभे राहणार असतील तर जिना तापवायचा. तीन मजले, वरचे दार गच्चीकडे उघडे, खालचे रस्त्याकडे. अकरा हजार वॅट निघाले. तो कागद दुकानदाराला दाखवला. त्याने खरोखर गुणाकार तपासला, देव त्याचे भले करो.

मग म्हणाला, "भाऊ, तुम्हाला हीटर नको. तुम्हाला मीटर पाहिजे."

काउंटरच्या खालून काढला. मुठीएवढा. आधी भिंतीच्या प्लगमध्ये हा, मग ह्यात हीटर. पुढे आकडे दिसतात: आत्ता किती वॅट, आजचे किती युनिट, चालू किती वेळ. नऊशे. रोख दिले.

अण्णांना काही न सांगता लावला आणि खुर्चीकडे तोंड केले. त्यांनी चष्मा लावला. ९८६. मग ९८४. मग हीटर आपोआप बंद झाला आणि आकडा शून्य झाला.

"अरेच्चा," अण्णा म्हणाले.

तरी विश्वास नाही! उठले, जिन्यात गेले, एक मिनिट मोजून आले. "जुळतंय," म्हणाले. आणि बसले. चार तास बसले. हीटरची ऊब आणि हीटरचा आकडा, दोन्ही समोर. संध्याकाळी मला बोलावून म्हणाले, "दाराखाली पट्टी आहे म्हणून हा दर तासाला वीस मिनिटं विश्रांती घेतो. पट्टी कोणाची कल्पना?"

"माझी."

"हं."

हा 'हं' वेगळा होता. मी पाणी प्यायला उठलो.

रविवार, २९ डिसेंबर

तीन वेळा. काढा, वाफ, गरम पाणी. डॉक्टरांनी छाती ऐकली: "आत काही नाही, फक्त घसा. कुठे थंडीत उभे राहत होता का?" अण्णा माझ्याकडे बघून म्हणाले, "हा मला कामाला लावायचा." डॉक्टरांनी माझ्याकडे असे काही पाहिले!

अण्णांनी आता हीटरला वेळापत्रक लावले आहे. मी पुस्तक वाचून जे शिकलो ते सगळे चूक आहे असे त्यांचे म्हणणे. सकाळी मोठ्या बटणावर नको, आधी पडदे ओढ. दुपारी ऊन आले की बंद. झोपण्यापूर्वी तासभर, मग बंद, ऊब पहाटेपर्यंत पुरते. मी तक्ता दाखवला, तर पेन्सिलीने माझी एक बेरीज सुधारली.

गुरुवार, २ जानेवारी

एकदाही नाही.

शनिवार, ४ जानेवारी

उद्या दादा येणार. तयारी केली. तक्ता नवीन कागदावर उतरवला, रेघा लाल, आकडे काळे. आणि चार पाने लिहिली: अण्णा माझ्याकडेच का राहावेत. मुद्दे एकूण सतरा. शुद्धलेखन दोनदा तपासले. शेवटचा मुद्दा हा की त्यांनाही इथे राहावेसे वाटते — पण हे मी त्यांना विचारलेलेच नाही. एवढे सगळे मोजले आणि हे विचारायचे राहिले! विचारू की नको? हो म्हणाले तर ठीक. नाही म्हणाले तर सोळा मुद्दे घेऊन मी काय करू?

अण्णांनी पाने पाहिली. "हे कोणासाठी?"

"दादासाठी."

"तो वाचणार नाही. बिल सोडून त्याने काही वाचलेलं मी पाहिलं नाही."

मी विचारले नाही.  दादाशी आवाज न चढवता कसे बोलायचे, ते आरशासमोर करून पाहिले. आरशातला मी हरला.

रविवार, ५ जानेवारी. दुपारी १२ वाजून ४० मिनिटे

दादा-वहिनी येऊन गेले. एकूण बावीस मिनिटे.

तक्ता पाहिला नाही. दादा हीटरकडे पाठ करून उभा राहिला, म्हणाला, "मस्त गरम आहे रे!" वहिनी म्हणाली, "मी म्हणत नव्हते?" मग दादाने मला खांद्याला धरून बाहेर नेले. "चल खाली, दोन हात लाव." गाडीच्या डिकीत अण्णांची लोखंडी पेटी, गादीची वळकटी, आईचा फोटो वर्तमानपत्रात गुंडाळलेला. तिकडची खोली पोरांच्या अभ्यासाला केली म्हणे, महिन्याभरापूर्वीच. "तुझ्याकडे एवढी सोय झालीय, आता कशाला त्यांची ने-आण?"

तो न्यायला आलाच नव्हता.

सतरा मुद्दे माझ्या खिशात. भांडायला कोणी नाही. पेटी घेऊन वर आलो, तर अण्णांनी खिडकीखालची जागा झाडून मोकळी करून ठेवली होती. पेटीच्याच मापाची. ते कधीपासून जाणून होते, मी विचारले नाही. ते म्हणाले, "तुला चालेल ना?" मी म्हणालो, "पेटी जरा डावीकडे घ्या." 

मग म्हणाले, "महिन्याचं माझं किती धरतोस?"

खर्च, आजपर्यंत. हीटर, कापलेल्या दोनशेंसह: ७२००, पैकी दिले ५६००. थर्मामीटर २५०. पट्टी १२०. छोटा मीटर ९००. एकूण दिले ६८७०.

देणे. दुकानदार १६००. मालक ४०००, पगारातून. वीजबिल यायचे आहे. अण्णांच्या मोजणीने ११२ युनिट.

दादाचे ३००० परत केले. त्याने मोजून घेतले.

अण्णांच्या नावावर: हा रकाना मी आखलेला नाही.